अडुसष्ट अक्षरांचा प्रोग्राम: मजकूर कोड म्हणून चालताना पाहण्याची कृती

अँटिव्हायरस जागा आहे की नुसता टास्कबारवर बसून आहे, हे तपासायला जगभर एकच छोटी फाईल वापरतात: आयकारची चाचणी फाईल. आयकार ही युरोपातली अँटिव्हायरस संशोधनाची संस्था. फाईल उघडली तर आत एक ओळ दिसते. ६८ अक्षरं, सगळी साध्या इंग्रजी कीबोर्डवर टाइप करता येतील अशी. आणि हीच ओळ, एकही अक्षर न बदलता, डॉसमध्ये (विंडोजच्या आधीची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) चालणारा पूर्ण प्रोग्राम आहे. तो एक वाक्य पडद्यावर छापतो आणि संपतो. कुठे पसरत नाही, काही पुसत नाही. जवळपास सगळे अँटिव्हायरस ठरवून त्याला व्हायरस म्हणतात, इतकंच.

डेटा वेगळा आणि कोड वेगळा असं आपण गृहीत धरतो, पण बाइटवर तसा शिक्का नसतो. ८० हा आकडा 'पी' हे अक्षर आहे, की 'एएक्स रजिस्टरमधली (प्रोसेसरमधल्या एका छोट्या कप्प्यातली) किंमत स्टॅकवर (मेमरीतल्या चळतीवर) ढकल' ही सूचना आहे, की बिलातले ८० रुपये, हे तो वाचणारा ठरवतो. हे वाचून पटतं, पण अंगवळणी पडत नाही. ही फाईल स्वतः तयार करून, एकेक पाऊल चालवून पाहिली की पडतं. एक संध्याकाळ पुरते.

एक सूचना आधीच: इथे कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

लागणारं साहित्य

डॉसबॉक्स हे मोफत एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुना डॉसचा कॉम्प्युटर उभा करणारा प्रोग्राम. फ्रीडॉस या मोफत डॉसबरोबर मिळणारा डीबग हा प्रोग्राम, जो दुसरा प्रोग्राम एकेक सूचना चालवून दाखवतो. त्याची फाईल कामाच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. बाइट दाखवणारं एखादं साधन: लिनक्स किंवा मॅकवर ओडी ही कमांड आधीच असते, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये फॉरमॅट-हेक्स असते. आणि ६८ अक्षरांची ओळ, जी आयकारच्या संकेतस्थळावर उघड छापलेली आहे. तिथूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली किंवा वर्डमध्ये चिकटवून ठेवलेली घेऊ नका. ओळीत चार जोडरेषा आहेत, आणि वर्डसारखे प्रोग्राम आपल्या शहाणपणाने जोडरेषेची लांब रेघ करून टाकतात.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हा प्रयोग करू नका. फाईल निरुपद्रवी आहे, पण तिकडच्या आयटी विभागाच्या पडद्यावर लाल सूचना जाईल आणि तुम्हाला समजावत बसावं लागेल.

पायरी १: जागा तयार करा

लिनक्सवर सहसा अँटिव्हायरस नसतो, तिथे ही पायरी सोडून द्या. विंडोजवर सी ड्राइव्हवर 'लॅब' नावाचा फोल्डर करा. मग विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स, ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स, आणि तिथे फोल्डर निवडून हा एकच 'लॅब' जोडा. ॲडमिन हक्क लागतात. अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स फोल्डर वगळण्याचा आळस करू नका. अँटिव्हायरस पूर्ण बंद करायची तर गरजच नाही.

फाईल डाउनलोड करायला गेलात तर ती डाउनलोड्समध्येच पकडली जाईल. म्हणून ओळ कॉपी करून थेट लॅबमध्ये फाईल बनवायची.

पायरी २: फाईल लिहा, आणि इथेच पहिली ठेच

विंडोजवर नोटपॅड उघडा, ओळ चिकटवा, शेवटी एंटर मारू नका. सेव्ह ॲज मध्ये 'ऑल फाइल्स' निवडा, नाव टेस्ट.कॉम द्या, एन्कोडिंग एएनएसआय ठेवा. 'ऑल फाइल्स' विसरलात तर नाव टेस्ट.कॉम.टीएक्सटी होतं, आणि विंडोज शेवटचं एक्स्टेंशन लपवत असल्यामुळे ते तुम्हाला दिसतही नाही. हीच लपवाछपवी २००० सालच्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' व्हायरसच्या कामी आली होती: नाव .टीएक्सटी वर संपल्यासारखं दिसायचं, मागे .व्हीबीएस दडलेलं असायचं. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून 'फाईल नेम एक्स्टेंशन्स' आत्ताच चालू करून ठेवा आणि पुन्हा कधी बंद करू नका.

लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर ओळ लिहिताना जास्त गंमत होते. तिथे तुमची ओळ आधी बॅश वाचतो; तो शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. अवतरणचिन्हांशिवाय चिकटवलीत किंवा दुहेरी अवतरणात घातलीत, तर उद्गारचिन्ह दिसताच तो जुन्या कमांडची यादी चाळायला जातो आणि 'अशी कमांड सापडली नाही' म्हणतो. स्क्रिप्टमध्ये उद्गारचिन्हाचं हे खूळ नसतं. तिथे डॉलरपुढचा शब्द व्हेरिएबलचं नाव समजला जातो, तशा नावाचं काही नसतं, आणि तेवढा तुकडा मुकाट्याने गायब होतो. म्हणजे प्रयोग सुरू व्हायच्या आतच तो घडला. तुम्ही डेटा दिला, शेलने त्यातला काही भाग कोड समजून चालवला.

उपाय: एकेरी अवतरणचिन्हं. त्यांच्या आत बॅश काहीच चाळत नाही, आणि या ओळीत एकेरी अवतरण कुठेही नाही. एको कमांड शेवटी नवी ओळ जोडते, म्हणून फाईल ६९ बाइटची होते. नेमके ६८ हवे असतील तर प्रिंटएफ वापरा, पण आधी '%एस' हा साचा देऊन मग ओळ द्या. ओळच साच्याच्या जागी दिलीत तर प्रिंटएफ तिच्यातलं टक्केचिन्ह सूचना म्हणून वाचतो, पुढचं ॲटचं चिन्ह त्याला कळत नाही आणि तो तक्रार करतो. दोन मिनिटांत दोन वाचणाऱ्यांनी तुमच्या मजकुराला हात घातला.

पायरी ३: बाइट मोजा

फाईलचा आकार पाहा. ६८ हवा. वेगळा आला तर आकड्यावरूनच चूक ओळखता येते:

६९ किंवा ७०: शेवटी नवी ओळ आली आहे. चालेल. आयकारच्या व्याख्येत ओळीनंतर मोकळ्या जागा, टॅब, नवी ओळ असली तरी एकूण १२८ पर्यंत मान्य आहेत.

७१: एन्कोडिंग 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडलं गेलं. सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट आले. चालणार नाही, प्रोसेसर पहिल्या बाइटपासून वाचायला लागतो, आणि पहिला बाइट आता वेगळाच आहे.

१३८ किंवा १४२: यूटीएफ-१६. प्रत्येक अक्षराला दोन बाइट, वर सुरुवातीचे दोन, आणि शेवटी नवी ओळ आली असेल तर आणखी चार. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमधून 'पेक्षा मोठे' हे चिन्ह वापरून फाईल लिहिली की १४२ होतात.

आता ओडीला टी पर्यायात यू१ देऊन फाईल दशमान आकड्यांत पाहा (फॉरमॅट-हेक्स तेच आकडे सोळाच्या पायात, म्हणजे हेक्समध्ये, दाखवतं). सुरुवात अशी हवी: ८८, ५३, ७९, ३३, ८०, ३७, ६४, ६५, ८०, ९१. तिसरा आकडा ७९ आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघा. ते इंग्रजी मोठं ओ अक्षर आहे. हाताने टाइप करणारे हटकून तिथे शून्य टाकतात, मग ४८ येतो. तसं झाल्यावर नेमकं काय मोडतं ते पुढे येईलच.

सगळे आकडे ३२ ते १२६ मध्येच आहेत हेही पाहून ठेवा.

पायरी ४: एकाच फाईलचे दोन वाचक

डॉसबॉक्स सुरू करा. 'माउंट सी सी:\लॅब' द्या, मग 'सी:'. आधी 'टाइप टेस्ट.कॉम'. ६८ अक्षरं जशीच्या तशी पडद्यावर येतात. इथे फाईल हा डेटा आहे, आणि वाचणारा आहे टाइप.

आता नुसतं 'टेस्ट' लिहून एंटर मारा. या वेळी ३५ अक्षरांचं एकच वाक्य उमटतं: आयकार-स्टँडर्ड-अँटिव्हायरस-टेस्ट-फाईल, पुढे उद्गारचिन्ह. आजूबाजूचा अगम्य मजकूर दिसत नाही, कारण तो छापला गेलाच नाही. तो चालला.

नाव बदलून टेस्ट.टीएक्सटी करा. आता 'टेस्ट' म्हटलं तर डॉसला अशी कमांड माहीत नाही, पण टाइप पूर्वीसारखंच चालतं. मग टेस्ट.ईएक्सई करून बघा. हे चालतं! डॉस फाईल आत घेताना पहिले दोन बाइट पाहतो. ते ७७ आणि ९०, म्हणजे एम आणि झेड, असतील तर खरी ईएक्सई; नसतील तर कॉम समजून तशीच मेमरीत ठेवतो आणि चालवतो. कॉम फाईलला शीर्षक नाही, सही नाही, काहीच नाही. पहिल्या बाइटपासून सूचना. म्हणून तर मजकुराला प्रोग्राम होता येतं. पुढचं काम टेस्ट.कॉम याच नावाने करायचं आहे, तेवढं परत बदला.

फाईलवर विंडोजमध्येच डबल क्लिक केलंत तर ६४-बिट विंडोज चालवायला नकार देईल. त्यात अँटिव्हायरसचा संबंध नाही. १६-बिट प्रोग्राम चालवणारी यंत्रणाच त्यात नाही.

पायरी ५: एकेक पाऊल

आता मुख्य भाग. 'डीबग टेस्ट.कॉम' द्या. छोटी रेघ येते, ती डीबगची वाट पाहण्याची खूण. इथून पुढे लक्षात ठेवा: डीबग सगळे आकडे सोळाच्या पायात घेतो आणि दाखवतो. त्याला १२ म्हणजे आपले १८, आणि नवाच्या पुढचे आकडे तो ए ते एफ या अक्षरांनी लिहितो.

डॉस कॉम फाईल २५६ व्या जागेपासून ठेवतो. डीबगमध्ये ती १०० दिसते. 'यू १००' दिल्यावर अक्षरांचं सूचनांत केलेलं भाषांतर समोर येतं. एक्स या अक्षराचा बाइट ८८. प्रोसेसरच्या भाषेत तो 'स्टॅकवरची किंमत काढून एएक्समध्ये ठेव'. डॉस प्रोग्राम सुरू करताना स्टॅकवर शून्य ठेवतो, त्यामुळे एएक्स शून्य होतो. पुढे पाच हा अंक, बाइट ५३: 'एएक्सशी पुढच्या दोन बाइटांचं एक्सऑर कर' (बिट सारखे तिथे शून्य, वेगळे तिथे एक). ते दोन बाइट म्हणजे ओ आणि उद्गारचिन्ह, ७९ आणि ३३. इंटेलच्या पद्धतीत धाकटा बाइट आधी लिहितात, म्हणून संख्या होते ३३ गुणिले २५६ अधिक ७९, म्हणजे ८५२७. शून्याशी एक्सऑर, उत्तर ८५२७.

'टी' ही कमांड एक सूचना चालवून थांबते आणि सगळी रजिस्टरं दाखवते. एकेक टी मारत जा. पीचा बाइट ८०, एएक्स स्टॅकवर. मग टक्केचिन्ह, 'अँड' करण्याची सूचना (दोन्हीकडे एक असेल तोच बिट ठेव), तिच्यापुढे ॲट आणि ए. उरतं ३२०. ते स्टॅकमार्गे बीएक्समध्ये जातं. ३२० का? प्रोग्राम २५६ वर सुरू होतो आणि २५६ अधिक ६४ म्हणजे ३२०. फाईलची शेवटची चार अक्षरं तिथे आहेत: एच, अधिक, एच, फुली (म्हणजे * हे तारांकन). त्यांचा पत्ता बीएक्सच्या हाती आला. आणखी एका एक्सऑरनंतर डीएक्समध्ये २८४ येतं, म्हणजे सुरुवातीपासून २८ बाइट पुढे. छापायचं वाक्य तिथून सुरू होतं. मग जुने ८५२७ पुन्हा काढून एका संख्येशी एक्सऑर, उत्तर २४२७. डीबगमध्ये हे ०९७बी दिसेल. ही संख्या एएक्समध्ये राहते आणि तिची एक प्रत एसआयमध्ये जाते.

हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी? डॉसकडून वाक्य छापून घ्यायचं तर त्याला हाक मारणारी इंटरप्ट सूचना लागते, आणि तिचा पहिला बाइट आहे २०५. कीबोर्डवरची छापील अक्षरं १२६ ला संपतात. म्हणजे हवी ती सूचना लिहायला अक्षरच नाही. मग रचणाऱ्यांनी ती चालू प्रोग्रामकडूनच बनवून घेतली.

थांबून 'डी १४०' द्या. ४८ २बी ४८ २ए असे चार बाइट दिसतात: एच, अधिक, एच, फुली. इथे 'यू १४०' दिलंत तर डीबग त्याचं भाषांतर 'एएक्समधून एक कमी कर, सीएक्समधून अमुक वजा कर' असं काहीतरी ठामपणे दाखवतो. त्या सूचना कधीच चालणार नाहीत. 'यू ११सी' देऊन (२८४ म्हणजे हेक्समध्ये ११सी) वाक्याच्या जागेचं भाषांतर मागितलंत, तर आयकार या शब्दाचंही पाच सूचनांत भाषांतर मिळतं: बीपी वाढव, सीएक्स घटव, बीएक्स वाढव, सीएक्स वाढव, डीएक्स स्टॅकवर. भाषांतर करणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

पुढे टी मारत राहा. उजवा कंस आणि सात, ४१ आणि ५५: 'बीएक्सच्या पत्त्यावरच्या दोन बाइटांतून एसआय वजा कर'. तिथे एच आणि अधिक, मिळून ११०८०. वजा २४२७. उरतात ८६५३, म्हणजे बाइट २०५ आणि ३३. 'डी १४०' पुन्हा द्या: सीडी २१. डॉसची हाक मारणारी सूचना तयार झाली. दोन सी अक्षरं बीएक्स दोनने पुढे नेतात, पुन्हा तीच वजाबाकी, १०८२४ वजा २४२७, उरतात ८३९७. सीडी २०, म्हणजे प्रोग्राम संपव. पडद्यावर डीबग बाइटांशेजारी अक्षरंही दाखवतो; तिथली ओळखीची एच-अधिक-एच-फुली गेलेली दिसेल. मजकुराने मजकुरात वजाबाकी करून कोड बनवला.

मग महिरपी कंस आणि डॉलर: 'मागचं उत्तर ऋण नसेल तर ३६ बाइट पुढे उडी'. ३६ हा डॉलरचाच बाइट. वाक्य आणि त्यामागचा दुसरा डॉलर मिळून बरोबर ३६ बाइट, म्हणून उडी नव्याने घडलेल्या सूचनेवर पडते. तो दुसरा डॉलर डॉसला 'वाक्य इथे संपलं' असं सांगतो. एकाच चिन्हाची दोन कामं: एकदा अंतर, एकदा पूर्णविराम. उडीचा आणखी एक फायदा आहे. जुने प्रोसेसर पुढचे काही बाइट आधीच आत ओढून ठेवत. मागाहून मेमरी बदलली तरी ते जुनेच चालवत. उडी घेतली की ती रांग टाकून दिली जाते.

इथपर्यंत १८ सूचना झाल्या. सुरुवातीपासून एका दमात यायचं असेल तर डीबग पुन्हा उघडून 'टी १२' द्या. आता टी नको, 'पी' द्या. टी दिलात तर तुम्ही डॉसच्या पोटात शिरू शकता. एएक्सचा वरचा अर्धा भाग ९ आहे (२४२७ म्हणजे ९ गुणिले २५६ अधिक १२३), डॉसच्या भाषेत ९ म्हणजे 'डीएक्सपासून डॉलरपर्यंत छाप'. वजा करायची संख्याच सेवेचा क्रमांकही देऊन गेली. ६८ बाइटांत इतकं घट्ट विणकाम फार कमी ठिकाणी दिसतं.

इथे काय बिघडतं

सगळ्यात फसवी चूक: टी टी करायचा कंटाळा येतो आणि कोणी 'जी १४०' देतं, म्हणजे १४० पर्यंत धावत जा आणि थांब. थांबवण्यासाठी डीबग त्या जागेवर गुपचूप २०४ हा बाइट ठेवतो. पण प्रोग्राम नेमक्या त्याच जागेतून वजाबाकी करणार आहे! ४८ हा हेक्स बाइट जाऊन तिथे सीसी (म्हणजे २०४) बसलेला. वजाबाकी होते चुकीच्या संख्येतून, उत्तर ८७८५, बाइट ८१ आणि ३४. ना थांबा उरतो, ना इंटरप्ट. पडदा गोठतो आणि माणूस डॉसबॉक्सला दोष देतो. स्वतःला बदलणाऱ्या कोडमध्ये थांबा लावायचा तर बदल होऊन गेल्यावरच लावायचा.

ओ ऐवजी शून्य टाकणाऱ्यांचं काय होतं? पहिली संख्या ८५२७ ऐवजी ८४९६ होते. 'अँड' नंतर बीएक्समध्ये ३२० ऐवजी २५६ येतं, म्हणजे प्रोग्रामची स्वतःची सुरुवात. वजाबाकी तिथल्या, आधीच चालून गेलेल्या बाइटांत होते, शेवटची चार अक्षरं तशीच राहतात, आणि उडी जाऊन पडते कच्च्या एच-अधिक-एच-फुलीवर. पुढे मेमरीत जे काही पडलं असेल ते चालत सुटतं. एका अक्षराच्या चुकीत अँटिव्हायरसही गप्प राहतो, कारण ती ओळ आता आयकारची ओळ नाही.

डॉसबॉक्स गोठलं तर खिडकी बंद करा, बाकी काही नाही. फक्त माउंट केलेला फोल्डर खरा असतो, म्हणून तिथे कामाच्या फाइली ठेवू नका.

एक मराठी प्रयोग

नोटपॅडमध्ये फक्त क लिहा, यूटीएफ-८ मध्ये अक्षर.कॉम सारख्या आठ अक्षरांत बसणाऱ्या नावाने ठेवा. फाईल तीन बाइटची: २२४, १६४, १४९. कोणीही हे अक्षर प्रोग्राम म्हणून लिहिलेलं नाही, पण प्रोसेसरला ते कळायचा मार्ग नाही. २२४ म्हणजे 'सीएक्समधून एक कमी कर, अट जुळली तर उडी', आणि १६४ हे अंतर ऋण धरलं जातं: ९२ बाइट मागे. २५८ मधून ९२ गेले, १६६. ही जागा प्रोग्रामच्याही आधीची आहे. तिथे डॉस कमांडपुढे टाइप केलेले शब्द ठेवतो. म्हणजे अट जुळली तर प्रोसेसर तुम्ही टाइप केलेले शब्द सूचना म्हणून वाचायला बसतो. डीबगमध्ये उघडून 'यू १००' आणि एक टी, एवढं पाहिलं तरी पुरे.

आजच्या कॉम्प्युटरवर हे का होत नाही, आणि तरी का होतं

डॉसमध्ये सगळी मेमरी लिहिण्याजोगी आणि चालवण्याजोगी होती. एएमडीने २००३ मध्ये ६४-बिट प्रोसेसरांबरोबर मेमरीच्या पानावर 'चालवू नये' अशी खूण आणली; विंडोज एक्सपीच्या २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ ने ती वापरायला सुरुवात केली. आता डेटाच्या पानावर उडी मारली की प्रोग्रामच बंद पडतो. आर्डुइनो युनो या छोट्या सर्किट बोर्डाच्या आर३ आवृत्तीत तर दोन्ही मेमरी मुळातच वेगळ्या: ३२ केबी फ्लॅशमधून सूचना, २ केबी एसरॅममध्ये डेटा, आणि एसरॅममधून सूचना उचलायची सोयच नाही.

पण ही खूण फक्त प्रोसेसरला बांधते. त्याच्या वर बसलेले वाचक मोकळेच आहेत. एक्सेल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कप्पे पाडलेली साधी मजकूर फाईल) उघडताना =, +, - किंवा @ या चिन्हाने सुरू होणारा कप्पा सूत्र म्हणून वाचायला जातं. सोसायटीच्या यादीत अधिक ९१ ने सुरू होणारे मोबाइल नंबर टाकून बघा: अधिक गायब, नंबर ९.१ई+११ सारखा. ही निरागस बाजू. त्याच दारातून कोणी बाहेरच्या फॉर्ममधून सूत्र घुसवू शकतो. सीएसव्हीवर डबल क्लिक न करता डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि तो स्तंभ टेक्स्ट ठरवा. दुसऱ्यांसाठी सीएसव्ही बनवत असाल तर अशा कप्प्याआधी एकेरी अवतरणचिन्ह लावा.

डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स, झिप आणि अँड्रॉइडची एपीके या सगळ्यांचे पहिले दोन बाइट ८० आणि ७५, पी आणि के. आतून चौघीही झिपच. म्हणून पहिले बाइट पाहून 'ही तर साधी झिप' असं ठरवू नका. वर्डची फाईल संशयास्पद वाटली तर तिची प्रत करून नाव .झिप करा, आत 'व्हीबीएप्रोजेक्ट.बिन' दिसली तर मॅक्रो, म्हणजे फाईलमधला छोटा प्रोग्राम, आहे. ई-चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके मात्र उघडून तपासण्यासारखी नाहीच. चलान कधी प्रोग्राम म्हणून येत नाही. पायथॉन शिकणाऱ्यांनी पिकल फाईल (पायथॉनमधला डेटा साठवून ठेवणारी) अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये: ती उघडणं म्हणजेच तिच्यातल्या सूचना पाळणं. नुसता डेटा हवा असेल तर जेसन हा साधा मजकुराचा फॉरमॅट पुरतो.

साफसफाई

डीबगमधून 'क्यू', डॉसबॉक्समधून 'एक्झिट'. लॅब फोल्डर पुसा, रिसायकल बिनही रिकामा करा. विंडोज सिक्युरिटीत जाऊन लॅबचा अपवाद काढा. तो खरंच निघाला की नाही हे तपासायचं असेल तर त्याच नावाचा फोल्डर पुन्हा करून त्यात ती ६८ अक्षरं एकदा सेव्ह करून बघा. सूचना येऊन फाईल नाहीशी झाली, तर निघाला.